आवाजाचे गुपित वाटणारा कापडवाला

दुकानातून नुसता सुटा लाऊडस्पीकर आणावा, म्हणजे मॅग्नेट, कॉइल आणि कागदी कोन एवढाच ऐवज, आणि तो अँप्लिफायरला जोडून एखादी चांगली मैफल लावावी, तर पदरी निराशाच पडते. गाणे ऐकू येते, शब्द कळतात. पण डग्ग्याचा घुमारा कुठेतरी विरून जातो आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा नुसता भास उरतो. कारण अगदी साधे आहे. कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लांब लहरी कडेवरून वळतात, पुढच्या-मागच्या एकमेकींना गाठतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. त्यांची गाठ पडू नये म्हणून मध्ये मोठी फळी हवी, नाहीतर मागचा आवाज कोंडून ठेवणारे खोके हवे. थोडक्यात, लाऊडस्पीकर ही पैसे मोजून घरी आणल्यावरही अर्धीच असणारी वस्तू आहे. उरलेला अर्धा भाग सुताराच्या हातात असतो.

हा उरलेला अर्धा भाग गिऱ्हाइकाच्या हाती सोपवून तो कसा पुरा करावा, हे त्याला मनापासून शिकवणारे एक कारखानदार इंग्लंडमध्ये होऊन गेले. गिल्बर्ट ब्रिग्ज त्यांचे नाव. ‘व्हार्फडेल’ हे स्पीकरचे नाव हायफायच्या शौकिनांना आजही ठाऊक आहे. ते नाव ज्यांनी दिले ते हेच ब्रिग्ज. घरी स्पीकर बांधण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. या नादात माझे जे गुरू झाले त्यांपैकी बहुतेकांना मी पाहिलेही नाही. ब्रिग्ज हे त्यांतले पहिले. त्यांचे एक पुस्तक मला मुंबईत फोर्टच्या पदपथावर, कडा कुरतडलेल्या अवस्थेत मिळाले होते. यंत्रशास्त्राच्या पुस्तकात माणूस भेटतो, असा अनुभव मला तरी तोवर आला नव्हता.

ब्रिग्ज यांचा जन्म १८९० सालचा, यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डजवळच्या क्लेटन गावचा. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या कापडाची राजधानी. गिरण्या, धुराडी, कापडाच्या वखारी आणि व्यापारी पेढ्या यांचे शहर. आपल्या गिरणगावाची ज्यांना आठवण आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच उभे राहील. त्या शहरातला कर्ता मुलगा ज्या धंद्यात शिरायचा त्याच धंद्यात ब्रिग्ज शिरले आणि उमेदीची सगळी वर्षे कापडाच्या व्यापारात राहिले. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांना वेड होते ते पियानोचे. चांगल्या पियानोचा स्वर कसा उमटतो, किती वेळ टिकतो आणि कसा मावळतो, हे त्यांच्या कानात मुरलेले होते.

नेमकी हीच त्यांची शिदोरी ठरली. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघा अभियंत्यांनी फिरत्या कॉइलच्या लाऊडस्पीकरला आजचे रूप दिले. चुंबकाच्या फटीत तारेची हलकी कॉइल, तिला चिकटवलेला कागदाचा कोन, आणि गाण्याच्या विद्युत्प्रवाहाबरोबर मागे-पुढे होणारी ही जोडी. आजचे बहुतेक सारे स्पीकर याच तत्त्वावर चालतात. त्यानंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये रेडिओ घरोघर आला आणि रेडिओ घरीच जोडणाऱ्या हौशी मंडळींचे पेवच फुटले. ब्रिग्ज त्या मंडळींतले एक. रेडिओतून येणारा पियानो त्यांना पियानोसारखा वाटेना, आणि त्यांनी स्वतःच स्पीकर बनवायला घेतला.

१९३२ साल होते. जागतिक मंदीने कापडधंद्याला घेरले होते आणि ब्रिग्ज यांनी चाळिशी ओलांडली होती. इल्कली या गावातल्या घराच्या तळघरात त्यांनी पहिला स्पीकर तयार केला. व्हार्फ नदीच्या खोऱ्यात हे गाव आहे. त्या खोऱ्याचे नाव व्हार्फडेल, तेच त्यांनी आपल्या मालाला दिले. कामात पत्नीचाही हातभार होता. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डच्या रेडिओ मंडळाने स्पीकरची स्पर्धा भरवली, तिच्यात ब्रिग्ज यांच्या स्पीकरना पहिला आणि दुसरा अशी दोन्ही बक्षिसे मिळाली. त्या बळावर छोटा कारखाना सुरू झाला आणि पुढे तो ब्रॅडफर्डच्याच आयडल नावाच्या भागात स्थिरावला. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आळशी. आळशी गावात उद्योग थाटला, हा योगायोग कोणत्याही विनोदी माणसाला आवडावा असा, आणि ब्रिग्ज तर यॉर्कशायरच्या कोरड्या विनोदासाठी प्रसिद्धच होते.

कापडवाला माणूस स्पीकर करू लागला की काय होते, याचा पुरावा व्हार्फडेलच्या जुन्या स्पीकरवरच सापडतो. कागदी कोनाची बाहेरची कड लोखंडी चौकटीला जिथे चिकटते, तिथे ती जितकी मऊ तितका कोन मोकळेपणाने हलतो आणि खर्ज अधिक खाली उतरतो. व्हार्फडेलच्या चांगल्या स्पीकरना ही कड कापडाची असे. त्यांच्या नावापुढे ‘सीएस’ आणि ‘एएल’ अशी अक्षरे असत. पहिल्या जोडीचा अर्थ कापडी कड, दुसरीचा अर्थ ॲल्युमिनियमच्या तारेची कॉइल. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा हलके, म्हणून तार स्वर अधिक स्वच्छ. नाव वाचले की आत काय आहे ते कळावे, हा खाक्या मला फार प्रामाणिक वाटतो.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि त्याच वर्षी व्हार्फडेलने खर्जासाठी एक आणि तार स्वरांसाठी दुसरा, असा दुहेरी स्पीकर तयार केला. आज आपण ज्याला वूफर, ट्वीटर आणि क्रॉसओव्हर म्हणतो तीच ही मांडणी. क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाचा वाटाड्या. तारेची कॉइल खर्जाला वाट देते आणि तार स्वरांना अडवते. कंडेन्सर बरोबर उलटे करतो. दोघांना योग्य जागी बसवले की ज्याचे त्याला पोहोचते.

पण ब्रिग्ज यांचे खरे मोठेपण मला कारखान्यापेक्षा त्यांच्या लेखनात दिसते. युद्धानंतर त्यांच्याकडे पत्रे येऊ लागली. तुमचा स्पीकर घेतला, आता खोके केवढे करू, कोणत्या लाकडाचे करू, भोक कुठे पाडू, असे प्रश्न. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा त्यांनी सरळ पुस्तकच लिहायला घेतले. ‘लाऊडस्पीकर्स’ हे त्यांचे पुस्तक १९४८ साली निघाले आणि दहा वर्षांत त्याची पाचवी आवृत्ती आली. पाठोपाठ १९४९ साली ध्वनिपुनर्निर्मितीवर, १९५१ साली पियानोवर, १९५२ साली अँप्लिफायरवर आणि नंतर खोक्यांवरही पुस्तके निघाली. प्रकाशक त्यांचीच कंपनी.

आता थोडा विचार करा. कारखानदार गिऱ्हाइकाला सांगतो आहे की खोके असे बांधा, चूक कुठे होते ते पाहा, आवाज असा तपासा. तेच पुस्तक प्रतिस्पर्धीही विकत घेऊ शकतो. आपल्याकडे अस्सल चीज शिष्यालाही न देणाऱ्या गवयांच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. विद्या दिली की संपते, ही भीती गाण्यात आहे, वैद्यकीत आहे, कारागिरीत तर आहेच. ब्रिग्ज यांनी हा धोका डोळसपणे पत्करला असणार. ते मुरलेले व्यापारी होते. ज्याला आवाजातले कळू लागते तो वाईट आवाज फार दिवस सहन करत नाही आणि चांगला माल शोधत येतो, हे व्यवहाराचे गणितही त्यात होते. पण नुसते गणित असते, तर माणूस एवढे लिहित नाही.

युद्धानंतरच्या इंग्लंडची परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. काही वर्षे लाकडावर सरकारी नियंत्रण होते आणि नवे फर्निचर मिळणे मुश्कील होते. अशा वेळी ब्रिग्ज यांनी जे उपाय सुचवले ते एखाद्या संसारी माणसाने सुचवावेत तसे आहेत. खोलीच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती आणि जमीन मिळतात, तिथे स्पीकर ठेवला की खर्जाला आपोआप बळ मिळते. मग त्या कोपऱ्यात विटांचीच चौथी बाजू उभारली तर? वीट थरथरत नाही. आणि लाकडाचे करायचेच असेल, तर प्लायवूडचे दोन पत्रे घ्या, मध्ये फट ठेवा आणि तिच्यात कोरडी वाळू भरा. वाळूने भरलेल्या या फळ्या ही ब्रिग्ज यांची खासियत म्हणून ओळखली जाते.

वाळू कशासाठी, हे समजायला मिरजेच्या तंबोऱ्याची उलटी बाजू पाहावी लागते. तंबोऱ्याचा भोपळा बोलला पाहिजे; तो स्वतः कंप पावतो म्हणून तर तार गाते. स्पीकरचे खोके मात्र मुके राहिले पाहिजे. वाद्याला स्वतःचा आवाज असतो, स्पीकरला तो असू नये. त्याने सारंगी सारंगीसारखी आणि माणूस माणसासारखा ऐकवायचा असतो. खोक्याची फळी थरथरू लागली की प्रत्येक गाण्यात तिचा एक ठरावीक सूर मिसळतो. वाळूचे कण एकमेकांवर घासतात, थरथर त्या घर्षणात जिरते आणि तिची किंचित उष्णता होऊन जाते.

मी माझ्या दुसऱ्या जोडीला पुढच्या फळ्या अशाच वाळूच्या केल्या. स्पीकर आणि क्रॉसओव्हरचे किट लॅमिंग्टन रोडवरून आणले. नदीची वाळू चाळून, धुऊन, कढईत भाजून कोरडी केली, कारण ओलसर वाळू प्लायवूड फुगवते. घरच्यांनी हा प्रकार ज्या नजरेने पाहिला तिचे वर्णन करण्याची गरज नाही. आमच्या सुतारबाबांनी मात्र एकच गोष्ट केली. रिकामी फळी बोटाच्या पेराने वाजवून पाहिली, मग भरलेली वाजवली, आणि मान डोलावली. पहिली ढोलकीसारखी वाजली होती, दुसरी भिंतीसारखी. ब्रिग्ज यांची पुस्तके ज्या वाचकासाठी होती तो असाच होता. समीकरण सोडवणारा नसेल, पण फरक ऐकणारा.

ऐकणाऱ्याच्या कानावरचा हा भरवसा ब्रिग्ज यांनी पुढे फार मोठ्या जागी पणाला लावला. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी १९५१ साली बांधलेले रॉयल फेस्टिव्हल हॉल हे सुमारे तीन हजार आसनांचे सभागृह आहे. नोव्हेंबर १९५४ मध्ये ब्रिग्ज यांनी ते भाड्याने घेतले आणि तिकिटे लावून स्पीकर ऐकवण्याचा कार्यक्रम केला. मंचावर कलाकार प्रत्यक्ष वाजवणार आणि त्याच वादनाचे ध्वनिमुद्रण लगोलग स्पीकरमधून ऐकवले जाणार. अस्सल आणि नक्कल, दोन्ही एकाच मंचावर. सभागृह भरले. अँप्लिफायर क्वाड कंपनीचे होते आणि ते घडवणारे पीटर वॉकर या उपक्रमात ब्रिग्ज यांच्या सोबत होते. पुढच्या दोन्ही वर्षी लंडनमध्ये पुन्हा कार्यक्रम झाले, आणि १९५५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही.

अशी तुलना पहिल्यांदाच होत होती असे नाही. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी गायिकेला ग्रामोफोनशेजारी उभे करून, मध्येच अंधार करून, कोण गाते आहे ते ओळखा, असे कार्यक्रम केले होते. पण तो सारा यंत्राच्या कौतुकाचा मामला होता. ब्रिग्ज स्वतः मंचावर उभे राहून, हसत-हसवत, काय ऐकायचे आणि का, ते समजावून सांगत. पुस्तकात जे चालले होते तेच तीन हजार माणसांपुढे चालले होते.

एवढ्या सभागृहाला त्या काळचे अँप्लिफायर पुरले कसे, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. त्या वेळचा क्वाड १५ वॅटचा. आज लग्नाच्या वरातीत हजारो वॅटची भिंत उभी असते. पण वॅट विजेचे मोजायचे की आवाजाचे, हे आपण विसरतो. पियानो अगदी जोरात वाजवला तरी त्यातून आवाजाच्या रूपाने बाहेर पडणारी शक्ती जेमतेम अर्धा वॅट असते, हे १९३० च्या सुमारास अमेरिकेत मोजले गेले होते. स्पीकर दिलेल्या विजेतली शेकडा तीन-चार टक्के शक्तीच आवाजात बदलतो. पंधरा वॅटचे तीन-चार टक्के काढा, उत्तर अर्ध्या वॅटच्या आसपास येते. म्हणजे एक स्पीकर आणि एक अँप्लिफायर यांची जोडी एका पियानोच्या बरोबरीला येऊ शकते. संपूर्ण वाद्यवृंदाचा कळस गाठायचा तर सत्तर वॅट आवाज लागतो आणि तिथे हा हिशेब मोडतो. त्यासाठी जोड्या वाढवत नेण्याखेरीज त्या काळी इलाज नव्हता.

ब्रिग्ज यांच्या आयुष्याचा हा कळस. आणि नेमक्या त्याच १९५४ साली, अटलांटिकच्या पलीकडे, त्यांच्या जगाला उतरती कळा लावणारी गोष्ट घडली. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी एडगर व्हिलचर यांनी एआर या कंपनीतर्फे एक लहान, घट्ट बंद खोक्याचा स्पीकर काढला. आत कोंडलेली हवाच त्यात स्प्रिंगचे काम करते. एवढ्याशा खोक्यातून एवढा खर्ज निघालेला पाहून सारे चकित झाले. पण या युक्तीत वूफर आणि खोके एकमेकांसाठीच घडवलेले असावे लागतात. सुटा स्पीकर घ्या आणि आपल्या हिशेबाने खोके बांधा, ही मोकळीक त्यात उरत नाही. १९५८ साली स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एकाऐवजी दोन स्पीकर घरात ठेवण्याची वेळ आली. दिवाणखान्यात कपाटाएवढी दोन खोकी कोण ठेवून घेणार?

त्याच १९५८ साली ब्रिग्ज यांनी आपली कंपनी रँक या मोठ्या उद्योगसमूहाला विकली. त्यांचे वय तेव्हा सत्तरीकडे झुकले होते. विक्रीनंतरही काही वर्षे ते कामात राहिले आणि १९६५ साली निवृत्त झाले. दरम्यान, त्यांच्या पुस्तकांची तांत्रिक बाजू सांभाळणारे त्यांचे तरुण सहकारी रेमंड कुक १९६१ साली बाहेर पडले आणि केंट परगण्यात त्यांनी केईएफ ही कंपनी काढली. कागदाऐवजी प्लास्टिक, अंदाजाऐवजी काटेकोर मोजमाप, ही कुक यांची वाट. काही जण याकडे शिष्याने गुरूवर केलेली मात म्हणून पाहतात. मला ते तसे वाटत नाही. केईएफने सुटे स्पीकर आणि घरी बांधायचे किट विकणे चालू ठेवले. रँकच्या अमलाखालच्या व्हार्फडेलनेही १९७० च्या दशकात किट काढली. हौशी माणसाला वर्कशॉपच्या दारातून आत घ्यायचे, हा संस्कार आयडलच्या कारखान्यातूनच पुढे गेला होता.

ब्रिग्ज यांच्या पद्धतीला मर्यादा होत्या, हे मान्य केलेच पाहिजे. खोके किती लिटरचे हवे, त्याला भोक केवढे हवे, हे कागदावर आधीच काढता येईल असे गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते पूर्णत्वाला नेले. ब्रिग्ज यांच्या पिढीला हे सारे करून पाहून, ऐकून, पुन्हा करून शिकावे लागले. त्यांच्या वेळची प्रचंड खोकी आज कोणी बांधणार नाही. आज किटच्या कागदावर थील-स्मॉल यांचे आकडे छापलेले असतात, आणि संगणकावर दहा मिनिटांत खोक्याचे माप निघते.

तरीही ब्रिग्ज यांचे एक पुस्तक मला या सगळ्या गणिताच्या पुढचे वाटते. १९६७ साली, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, पंचाहत्तरी उलटलेल्या या माणसाने माणसाच्या ऐकण्यावरच पुस्तक काढले. वय वाढते तसे वरचे स्वर कानाआड होत जातात, हे शरीराचे सरळ गणित आहे. विशीत जे ट्वीटर बोचते तेच साठीत गोड वाटू लागते. आयुष्यभर ज्याने लोकांना कानावर भरवसा ठेवायला शिकवले, त्याने अखेरीस कानाची मर्यादाही लोकांपुढे मांडली. स्वतःच्या मालाचा न्यायाधीश कोण, हे ज्याने ठरवले, त्यालाच त्या न्यायाधीशाचे दोष सांगण्याचा अधिकार होता. त्याआधी १९६१ साली त्यांनी ध्वनीच्या क्षेत्रातल्या अनेकांच्या जीवनकथांचे पुस्तकही काढले होते, आणि त्यात प्रतिस्पर्ध्यांनाही सन्मानाची जागा होती.

१९७८ साली ब्रिग्ज वारले. व्हार्फडेल नंतर अनेक हातांतून गेली. आज ती एका आंतरराष्ट्रीय समूहाच्या मालकीची आहे आणि तिचे स्पीकर चीनमध्ये तयार होतात. इल्कलीच्या तळघराशी त्यांचा संबंध नावापुरता उरला आहे, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढता येणार नाही.

पण वारसा नेहमी मालकी हक्काच्या कागदातूनच जातो असे नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत आजही एखादा तरुण वूफर हातात घेऊन, कोनावर हलकेच बोट दाबून तो किती मऊ आहे ते पाहत असतो. त्याने ब्रिग्ज यांचे नाव ऐकलेले असेलच असे नाही. घरी जाऊन तो प्लायवूड कापील, फेव्हिकॉल लावील, सांधे घट्ट बसवील, कंडेन्सरच्या तारा जोडील आणि शेवटचा स्क्रू आवळून ओळखीच्या आवाजातले एखादे गाणे लावील. कागदावरचे आकडे काहीही सांगोत, त्या क्षणी तो मान तिरकी करून ऐकेल आणि ठरवील की हा आवाज खरा वाटतो की नाही. हा निर्णय विकत घेणाऱ्याचा आहे, विकणाऱ्याचा नाही, असे मानणारा एक विकणारा होऊन गेला, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.